बोलत चालव

कुपवाडच्या एमआयडीसीत, बंद सूतगिरणीच्या मैदानावर
रविवारी सकाळी सातला आम्ही अकरा जण,
दूध संघानं पाठवलेले, तोंडं वाकडी करून.
बावीस वर्षं मोटरसायकल चालवतोय मी.
मागं नायट्रोजनचा कॅन, कॅनात बैलांचं गोठलेलं बीज;
मणेराजुरीपासून विसापूरपर्यंत असा गोठा नाही
जिथल्या एखाद्या गाईनं मला लाथ मारलेली नाही.
मला काय शिकवणार?

इलाही मुजावर. एसटीतून निवृत्त.
खिशात खडू, गळ्यात शिट्टी.
म्हणाले, चाळीसच्या वेगानं ये आणि या रेघेवर थांब.
मी आलो. मागचा ब्रेक दाबला,
बावीस वर्षं दाबतोय तसाच, पायाखाली झुरळ आल्यागत.
रेघ कधीच मागं पडली.
मी थांबलो तिथं त्यांनी वाकून खूण केली
आणि रेघेपर्यंत पावलं मोजत गेले:
नऊ.
"नऊ पावलांत काय काय मावतं, सांग बघू."
मी गप्प.
"शाळा सुटल्यावरची अख्खी रांग मावती," म्हणाले,
आणि शिट्टी वाजवली. पुढचा.

दुपारी मला बाजूला घेतलं.
"धार काढतोस न्हवं? सड कसा धरतोस?
हिसका दिलास तर गाय उडती.
पुढचा ब्रेक तसाच. आधी नुसता स्पर्श,
मग आवळत न्यायचा."
हे मला कळलं. हे मला कुणीही
बावीस वर्षांत माझ्या भाषेत सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते माझ्याच मागं बसले,
कॅनच्या जागी, तासगाव रस्त्याला.
"आता बोल."
काय बोलू?
"दिसंल ते. आणि न दिसलेलं पण."

डावीकडं जीप उभी. आत माणूस. दार उघडंल.
चेंडू आला. मागून पोरगं येणार.
वळणावर वाळू सांडलीय.
पुढची बाई आरशात बघत नाही. हॉर्न. तरी बघत नाही.
माधवनगरपर्यंत लाजत पुटपुटत होतो,
बुधगावात आवाज फुटला,
कवठेएकंदच्या अलीकडं मी रस्त्याचं
समालोचनच करत होतो, आणि मागं मुजावर नुसते
"हं. हं. आणि?"

हे "आणि?" घरी आलं माझ्याबरोबर.
बायको म्हणाली, हेल्मेटात कुणाशी बोलता ओ?
रस्त्याशी.
बरं, म्हणाली, तो तरी उत्तर देतो का बघा.

जानेवारीत, ऐन गाळपाच्या दिवसांत,
रात्री साडेदहाला सावळजचा फोन. गाय माजावर.
काम उरकून परत निघालो तेव्हा
थंडीनं बोटं लाकडासारखी.
तरी बोलत होतो.
समोरून गाडी. डिपर देत नाही.
डोळे दिपले. दिव्याकडं बघायचं नाही,
नजर डावीकडं, पांढऱ्या पट्टीवर. वेग कमी.
आणि?
पट्टी पुढं दिसत नाही.
आणि?
तिथला अंधार जरा जास्तच काळा आहे.

बोटांनी माझ्याआधी ओळखलं.
आधी स्पर्श, मग आवळत, आवळत.
उसाच्या वाळल्या पाल्यानं हेल्मेटची काच खरवडली
आणि मी थांबलो.

ट्रॉली. दिवा नाही, पट्टी नाही, काही नाही.
पुढं एक पोरगा वीसेक वर्षांचा, मोबाईलच्या उजेडात
ट्रॅक्टरचं चाक खोलत बसलेला.
"काय झालं काका?"
काही नाही, म्हणालो. खरंच काही झालं नव्हतं.
उतरून चाक आणि ट्रॉलीमधलं अंतर मोजायला गेलो;
पाऊल ठेवायलाच जागा नव्हती.

संघानं दिलेलं चमकतं जॅकेट काढलं,
मागच्या मोळीला बाह्यांनी गाठ मारून बांधलं.
पोरगा बघत राहिला.
त्याला म्हणालो, चाक राहू दे जरा, आधी
ट्रॉलीमागं चाळीस पावलांवर दगड मांड,
त्यांवर पाला टाक.

घरापर्यंत कुडकुडत, बोलत आलो.
बायकोनं दार उघडलं.
"जॅकेट कुठाय?"
उसाला घातलं, म्हणालो,
आणि चहा ठेव.