चार हजारांच्या वर

एका गाण्याचे मी चार हजार घेतो.
चाल, कीबोर्ड, मिक्सिंग, सगळं धरून.
त्याच्या वर जालन्यात कुणी देत नाही,
आणि त्याच्या वरचं
आता मला ऐकूही येत नाही.

हे कळलं परतूरच्या एका माणसामुळं.
पोराच्या हळदीचं गाणं घेऊन गेला,
चौथ्या दिवशी पेनड्राइव्ह परत.
"बाकी झकास हाय भाऊ, पण कानात टोचू राह्यलं.
आमच्या सासूबाईनं पदराचा बोळा घातला."
मी गाणं लावलं. मला कुठं टोचेना.
मुबीनकडं पाहिलं,
तो खुर्चीचं रेक्झिन सोलत बसला होता.
दोन महिने झाले, त्याला माहीत होतं.

तपासणीची खोली माझ्याच खोलीसारखी.
भिंतीला तसाच फोम, तसाच कोंडलेला गारवा,
फक्त काचेपलीकडं ती, आणि गाणाऱ्याच्या जागी मी.
शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, म्हणाली.
दाबत गेलो.
शिट्ट्या बारीक होत होत सुतासारख्या झाल्या,
मग सूतही संपलं, हिशेब उरला:
एक दोन तीन, दाब.
एक दोन तीन, दाब.
तिनं आत येऊन माझ्या कानावरनं हेडफोन उचलला.
"दादा, मी केव्हाच थांबलेय.
तुम्ही तालात दाबताय."

कागदावरची रेघ सरळ चालत येते
आणि चार हजारांपाशी
पायऱ्या नसलेल्या विहिरीत पडते.

वडील रोलिंग मिलमध्ये होते.
घरी आले की आई ताटावर पळी वाजवून जेवायला बोलवायची.
लोखंडाच्या आवाजात कान घालवू नको, म्हणायचे.
नाही घालवले.
वरातीत घालवले, जयंतीत, गणपतीत,
डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून,
वीस वर्षं,
आणि वर पैसे मोजून घेतले.

रात्री दोन वाजता पंखा बंद करून
डोक्यातली शिट्टी पेटीवर शोधली.
पेटीत ती नाहीच, शेवटच्या पट्टीच्याही पुढं राहते.
सप्तकं उतरवत खाली आणली:
काळी चार, जराशी चढी.
हा तानपुरा लावून कोण उठून गेलं,
गायला कधी येणार आहे,
विचारायला खोलीत कुणी नव्हतं.

'सा' धर, असं गायिकेला सांगतो.
मला 'आ' येतो.
'स' दातांतून निघतो खरा, तो मला तिच्या दातांत दिसतो.
घरी बायको "साखर संपली" म्हणते,
मी "कोण खपली?" विचारतो,
ती हसते. पुढच्या वेळी हसत नाही.

काल लिंबाजी आला, हलगी घेऊन.
जिन्याखाली पुठ्ठे पेटवून कातडं तापवलं,
वरच्या मोटार वायंडिंगवाल्यानं आरडाओरड केली,
तीही अर्धीच पोचली.
टेक सुरू झाला. मी स्पीकरच्या पडद्यावर तळहात ठेवला.
जाड काडी हातात आली, कोपरापर्यंत आली.
बारीक काडीसाठी मान वर केली:
ती लिंबाजीच्या बोटांत
उन्हातल्या माशीसारखी थरथरत होती,
आणि माझ्याकडं शुकशुकाट.
डोळे तिच्यावर ठेवून मी मात्रा मोजल्या.
तिसऱ्या आवर्तनात ती एकदा चुकली.
मी हात वर केला.
लिंबाजी म्हणाला, "कान लई तिखट हायेत तुमचे."
मुबीन खाली बघून हसला. मीही.

मग तो डावीकडच्या खुर्चीत बसला,
बटणावर बोट ठेवून विचारलं, "वरचं किती ठेवू?"
मी म्हणालो, तुझं तू बघ.
हे तीन शब्द बोलायला मला
परतूरपासून इथवर यावं लागलं.

आता पाच हजार सांगतो.
चार माझे, वरचा मुबीनचा.
गिऱ्हाईक कुरकुर करतं.
काय म्हणतं ते
नीटसं ऐकू येत नाही.