मीठ मागे राहतं

ताकाचा पेला माझ्यासाठीच होता.
महिन्याची वीस तारीख, दुपारचे सव्वातीन,
जीएसटीचा शेवटचा दिवस, एकशे बारा बिलं बाकी,
आणि बाबा पेल्यावर बशी झाकून
पाय घासत घासत आले.
चार्जरची वायर त्यांना दिसली नाही.
ती गुंडाळून ठेवायची, असं मी दिवाळीपासून म्हणत होते.

बटणांच्या फटींतून आत गेलं सगळं,
जिरं वर राहिलं.
पडद्यावर एक निळी रेघ उठली, थरथरली,
मग काळं.

मी ओरडले, ते लॅपटॉपवर नाही.
तेही इथे लिहून ठेवते.

वायर उपटली. बटण दाबून धरलं, दहापर्यंत मोजलं.
पंचावर पालथा घातला,
अर्धा उघडा, तंबूसारखा.
समोरची हर्षला कोलमची पाच किलोची पिशवी घेऊन आली,
"तांदळात पुरून ठेव, माझ्या दिराचा फोन वाचला होता."
बाबा कोपऱ्यातून म्हणाले,
"तांदूल काय करील? भात होईल."
कुणी हसलं नाही.

मी केस वाळवायचं यंत्र काढलं
तेव्हा त्यांनी मनगट धरलं.
"घाई केलीस का पानी आत पलतं गो."

रात्रभर टेबलफॅन, आणि फॅनच्या बाजूला बाबा.
मी दोनदा उठून पाहिलं.
पंचा बदललेला, बॅटरी लावून ते जाळीच्या भोकांत बघत होते.
करावे गावाच्या मिठागरावर असेच बसायचे म्हणे,
विसाव्या वर्षी, मार्चच्या रात्री,
पाण्याला साय धरायची वाट बघत.
आभाळात ढग दिसला की पोटात गोळा.
सायीला फळी लवकर लावली की मोडते,
उशीर झाला तर कडू मीठ.
आगर गेलं. मग सिडकोत माळी, मग निवृत्ती,
मग माझ्या घरात ताक घुसळणं.
हे सगळं त्यांनी पहाटे चारला सांगितलं,
मला नाही,
पालथ्या लॅपटॉपला.

वाशीला, नऊ सेक्टरच्या गाळ्यात,
नाझनीन मुकादम. डोळ्याला भिंग, ओढणी मागे गाठ मारलेली.
अकरा स्क्रू, चुंबकाच्या वाटीत.
"चालू करून बघितलं नाहीत ना?"
"नाही," मी म्हणाले.
(एकदा बघितलं होतं. बाबांनीही पाहिलं होतं, मी बघताना.)

तिनं हिरवी पाटी दुर्बिणीखाली सरकवली.
"पाण्याचं काही नाही, ते निघून जातं.
मीठ मागे राहतं. तेच खातं."

बाबा पुढे झाले.
तिनं स्टूल सरकवलं, भिंग त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणलं.
ते वाकून बघत राहिले, खूप वेळ,
बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.
बारीक पांढरे चौकोन,
तांब्याच्या बांधांच्या कडेकडेनं.

"पिकलं की," ते म्हणाले.
अगदी हळू. कौतुकानंच जवळजवळ.

मग जुना टूथब्रश, स्पिरिटचा वास,
नवा कीबोर्ड, दोन हजार आठशे.
चोवीस तारखेला सुरू झाला,
फॅन अजून घरघरतो. बिलं जागेवर होती.
विलंबशुल्क दोनशे.

आता बाबा खोलीत येत नाहीत.
उंबऱ्यावर पेला ठेवतात, हाक मारतात,
मी उचलेपर्यंत वायरीकडे बघत उभे राहतात.

चार दिवस झाले, ताक अळणी आहे.
मी काही बोलले नाही.
आज उठले, ओट्यावरची बरणी आणली,
त्यांच्या देखत चिमूटभर घातलं,
बोटानंच ढवळलं,
आणि तिथेच, उंबऱ्यावर बसून, प्याले.