भोपळा

पहाटे पावणेपाचला सोहारचा समुद्र
बंबातून आत्ताच काढल्यासारखा गरम.
ऑगस्ट. आभाळालाही घाम.
वाळूत वाळत घातलेल्या तारल्यांचा वास,
आणि पलीकडे स्मेल्टरच्या चिमणीवर
एक लाल दिवा, झोप न झालेला.

मी टॉवेल सोडतो.
आधी पोट उतरतं पाण्यात, मग मी.

अकरा महिने झाले.
रोज मासळी बाजाराच्या पायऱ्यांपासून
पिवळ्या बोयापर्यंत, आणि परत.
खांदे रुंदावले, पिंढऱ्या वळल्या,
गाल असे बसले की कुमुद व्हिडिओ कॉलवर म्हणाली,
"काही लपवत नाहीस ना? शुगर बघितलीस?"
दंड उतरले, मान उतरली,
साखरपुड्याची अंगठीसुद्धा एका सकाळी
सुळकन निघून समुद्रात गेली.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.
पोट मात्र जिथल्या तिथे,
भाडं थकवून बसलेल्या बिऱ्हाडासारखं.
निघत नाही, बोलत नाही,
वर घरमालकाकडेच बघून हसतं.

मी सगळं केलं.
करकमधली साखर सोडली, मग करकच सोडला.
शुक्रवारची बिर्याणी शाजीच्या खोलीत जाऊन
नुसती हुंगून आलो.
मेथीचं पाणी, जिऱ्याचं पाणी, कोमट पाणी,
ज्यानं जे सांगितलं ते प्रत्येक पाणी प्यालो.
आणि एक तारखेला
गुलवली टेलरची पिवळी टेप:
एकशे तीन. एकशे तीन. एकशे साडेतीन.
"टेप पुराना है साहब," तो दिलाशानं म्हणायचा.
हाती भोपळा.

खलफान सत्तरीचा, पोट पाटीसारखं सपाट.
जाळं ओढता ओढता ओरडतो,
"कर्श पहुंच गया! आदमी पीछे आता है!"
कर्श म्हणजे पोट. अठरा वर्षांत शिकलेल्या
तीसेक अरबी शब्दांतला
हा एकटाच माझ्या मापाचा शिवलेला.

त्याचं हसणं ओसरेपर्यंत मी उताणा पडून राहतो.
उताणं पडलं की दिसतं ते हेच:
पाण्याबाहेर एक टेकाड, ओलं, केसाळ,
श्वासाबरोबर वरखाली.
उद्या तिथे बगळा येऊन बसला तर मी काय करणार.

अशाच एका पहाटे आठवली बाजीनानाची विहीर.
वाळका भोपळा सुंभानं पाठीला आवळलेला.
काचायचा. मी रडायचो.
नाना काठावरून: "मर की लेका! बुडतोस का बघू!"
बुडलो नाही. भोपळा बुडू देत नव्हता.
तिसऱ्या उन्हाळ्यात त्यानं सुंभ कापला
तेव्हा पाठ इतकी हलकी झाली
की भीतीच वाटली.

मग इकडे आलो.
सहा जणांच्या खोलीत
उरलेला भात टाकवत नाही म्हणून मी खायचो.
पुढे एकट्याची खोली मिळाली.
एकट्यापुरतं रांधता येईना,
दोघांचं रांधून दोघांचं खायचो.
पगार दर महिन्याला तिकडे गेला,
स्लॅबला, मुलीच्या फीला, धाकट्याच्या ऑपरेशनला.
इथे माझ्या नावावर साठलं ते एवढंच.
कधीतरी, मला न विचारता,
देहानंच पुढून भोपळा बांधून दिला असणार.
माणूस एकटा, पाणी खोल.

म्हणून माया वाटते, असं काही नाही.
काल गुलवलीनं मापलं: एकशे एक.
दोन सेंटिमीटर!
आनंदानं दुकानातच श्वास सोडला
तर लगेच एकशे दोन.
"सांस मत छोडो ना साहब," तो म्हणाला,
आणि टेप गळ्यात टाकून
दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

उद्या बोयाच्या पुढे जाईन म्हणतो,
खलफानची होडी असते तिथपर्यंत.
सुंभ कापायला तिसरा उन्हाळा लागतो.
हा पहिलाच.