वरुण : अंक पहिला, पान एकोणीस

केतनभाईंचा फोन, अहमदाबादहून :
खांदे अजून रुंद करा, दंडावर शिरा दाखवा,
आणि समुद्र कुठाय? समुद्राचा देव आहे ना!
मी म्हटलं, बडोद्यात समुद्र नाही.
ते म्हणाले, कल्पना करा, त्याचेच पैसे देतो.

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
खाली शेवउसळीची गाडी;
तिचा तिखट वास शाईत उतरतो.
वरुणाला मी आतापर्यंत चौदा वेळा काढलंय.
आधी निळा, मग हिरवा,
मग अंगभर खवले. (केतनभाई : मासा वाटतो.)
मुकुट काढला, मग काढला.
मराठीत दोन्हीला एकच क्रियापद,
तेवढीच माझी सोय.

खरं म्हणजे हा आधी आभाळाचा राजा.
हजार डोळे, गावोगाव हेर,
उंबऱ्याआडचं खोटंसुद्धा ह्याच्या वहीत.
मग कुणी वज्रवाला तरुण आला
आणि ह्याची बदली झाली :
पाणी खातं, पश्चिम विभाग.
आमचे बाबा आजव्याच्या पंपांवर होते.
बदलीचा कागद घडी घालून
चष्म्याच्या डबीत ठेवत.
म्हणून ह्याच्या चेहऱ्यावर मी राग नाही काढत,
फक्त कपाळावर ती घडी.

अडलंय पान एकोणीसवर.
सात चौकटी, खलनायक बांधला गेला पाहिजे.
खाली मगर, वर हा, हातात पाश.
पण पाश धरतात कसा?
माझा वरुण
गाय हरवलेल्या माणसासारखा दिसतो.

त्या रात्री पावणेदोनला वडसरहून मंगलमावशी :
न्हाणीघरात मगर आहे, ये.
पूर ओसरून चार दिवस झालेले,
भिंतींवर अजून चिखलाची रेघ, कमरेएवढी.
साडेसात फूट. बादलीला तोंड टेकून
लांबच्या पाहुण्यासारखी गप्प.
मावशी दाराशी मोडा टाकून बसलेली.
वाहन आहे कुणाचं तरी, म्हणाली,
मालक येईल न्यायला.

आली हर्षिदा माछी.
स्कूटरवर, ओलं गोणपाट घेऊन.
दिवसा झेरॉक्सच्या दुकानात असते.
खांदे अरुंद. दंडावर शिरा नाहीत,
लहानपणच्या लशीचा वण.
गोणपाट डोळ्यांवर टाकलं,
अंधार झाला की शांत होतात, म्हणाली,
मग दोर :
जबड्याला एक, पोटाशी एक, मागच्या पायांना एक.
धडाम नाही. सट्ट नाही.
मोठ्या अक्षरांत लिहावं असं काहीच वाजलं नाही.
ती पुटपुटत होती तेवढंच,
बस, बेटा, बस.

पहाटे वनखात्याच्या टेम्पोमागून नदीवर.
विश्वामित्री.
जिच्या नावातल्या ऋषीनं
खांबाला बांधलेलं एक पोर
ह्याच वरुणाच्या तावडीतून सोडवलं होतं म्हणतात.
हर्षिदानं मागचा दोर सोडला. मग मधला.
वरचा सोडताना मला म्हणाली, मागे व्हा.
बांधायला सगळे येतात, सोडायला मात्र...
पुढचं वाक्य जांभईत गेलं.
मगर गेली. पाण्यावर एक वळ उठला,
मिटला.
चहाच्या टपरीवर तिनं
पाचशेची सुट्टी नोट नाही म्हणून मला पैसे द्यायला लावले.

घरी आल्यावर पान एकोणीस पुन्हा घेतलं.
खांदे खोडले. त्रिशूळ नव्हताच त्याचा, तोही खोडला.
खलनायकाचं अजून काय करायचं ठरलेलं नाही.
सातव्या चौकटीत नुसता दोर,
सैल, चिखलात,
गाठ होती तिथे पीळ राहिलेला.
केतनभाई विचारतील, वरुण कुठाय?
सांगणार, आहे ना,
चौकटीच्या जरा बाहेर.
स्कूटरला किक मारतोय.
लागत नाहीये.