शंभराला एक

उद्यमबागेत दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला
आणि मी अजून स्लाइड नऊवरच.
पिवळं वर्तुळ, त्यात पंजा,
पंज्याखाली दोन शब्द: थांबा. निल्लि.
कंट्रोल दाबून धरायचं, एकेकाला बोट लावायचं
आणि सांगायचं, आता तुम्ही चौघं एक.
ग्रूप.
मग एकाला ओढलं की चौघं येतात,
कुरकुर न करता.

बेचाळीस स्लाइडी.
भट्टी, वाळू, ग्राइंडर, क्रेनचा हूक,
गरम साच्यावर पाणी का ओतायचं नाही.
सोमवारी नवी पोरं बसतील समोर,
खानापूरची, बैलहोंगलची,
गोकाकहून पहाटेच्या बसनं येणारा ईरण्णा.
सगळ्यांची बोटं तेवढीच, दहा.

पुढं जायच्या बटणावर
पुढे आणि मुंदे दोन्ही मावेनात.
कोण वर, कोण खाली,
यावर ऑफिसात दोन दिवस कुणीच बोललं नाही,
म्हणजे सगळे त्यावरच बोलत होते.
शेवटी शेजारी शेजारी ठेवले,
एकाच मापाचे,
एकाची वेलांटी दुसऱ्याला लागणार नाही
इतकं अंतर राखून.
तेवढं एकदाच. बाकी सगळीकडं कॉपी, पेस्ट,
आणि दर वेळी नेमकं त्याच जागी,
उजवीकडं, तळाला.

बटणं दोन जातींची असतात हे मला चुकून कळलं.
एकाला सांगितलेलं असतं: पुढची स्लाइड.
ते कुठंही चिकटवा,
असेल तिथून एक पाऊल पुढं नेतं.
दुसऱ्याला सांगितलेलं असतं: स्लाइड सहा.
त्याला एकतीसवर नेऊन बसवलं
तरी दाबल्याबरोबर सहावर.
माझी आत्या हुबळीला देऊन सव्वीस वर्षं झाली.
सीबीटीला उतरून "घरी जायचं" म्हणाली
की रिक्षा कडोलीकडं वळते.
घर म्हणजे कुठलं, हे रिक्षावाला विचारत नाही.

थांबाचं बटण आधीच्याच फाइलमधलं.
प्रल्हाद हुंदरेनं केलेलं, तो पुण्याला गेला.
पंजा वाकडा होता म्हणून मी आज ग्रूप सोडवला
तर चारऐवजी पाच आकार निघाले.
पाचवा रिकामा वाटला.
रंग बदलून बघितलं,
पांढऱ्यावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं:
प्र. हुं., रात्रीचे दोन.
तीन वर्षं प्रत्येक थांबाच्या पोटात
हा माणूस जागाच होता
आणि मीच त्याला दर स्लाइडीवर नेऊन ठेवत होते.

पॅटर्न शॉपचे मुतगेकर मामा चहाला आले होते.
त्यांना दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून हसले.
"आम्हीपण टोकरायचो की लाकडात.
वाळूला लागंल, सायबाला दिसायचं न्हाई, अशा जागी.
एक पॅटर्न, हजार नग. हजारांवर आपली खूण."
मग स्क्रीनजवळ वाकले,
सागवानाचा भुसा कीबोर्डवर सांडला.
"ह्येला सूट किती दिलीस?"
कसली सूट?
"बीड निवताना आकसतंय, बाळ.
म्हणून पॅटर्न वाढवून करायचा, शंभराला एक.
जेवढ्याला तेवढा केलास तर
माल हमखास लहान येतोय."
कप धुऊन पालथा ठेवला आणि गेले.

इथं काय निवतं, कुठं आकसतं,
मला नीट सांगता येणार नाही.
सोमवारी दुपारी, जेवणानंतर,
पंखा फिरत असताना शेवटच्या बाकावर
थांबा पोचेपर्यंत किती उरतं?

प्रल्हादची अक्षरं पुन्हा पांढरी केली.
पंजा सरळ केला. पाचही धरले. ग्रूप.
मग शिफ्ट दाबून कोपरा ओढला, जरासाच.
शंभराचं एकशे एक.
कुणाला फरक दिसला नसता,
मलाच दिसत नव्हता.
कॉपी.
स्लाइड दहा.