जरा उतरलेला मी

बाकूत खझरी वारा सुटला की
आधी पियानो बिनसतात, मग माणसं.
कास्पियनची खारी हवा तारांत शिरते.
माझं पोट त्या सैलपणावर चालायचं.
एक किल्ली, लोकरीची पट्टी, चिवा,
आणि हे दोन कान. डावा जरा जास्त शहाणा.

तेलकामगारांच्या क्लबाखाली तळघर होतं.
शोव्केत दिवसा औषधं विकायची,
रात्री तिथल्या काळ्या पियानोवर बसायची
अंगाला आयोडिनचा वास घेऊन.
एकदा म्हणाली,
उस्ता, मी जरा उतरव.

मधल्या सप्तकातला मी.
किती? विचारलं.
तिनं आकडा नाही सांगितला.
म्हणाली, माझा बाप लग्नांतून मुगाम गायचा,
गाता गाता ज्या जागी त्याचा आवाज ओला व्हायचा
तिथवर.

बावीस वर्षं मी स्वर वर ओढत आलो होतो.
सरकारी शिक्का होता माझ्या कानांवर.
एका स्वराच्या तीन तारा,
तिन्ही सारख्याच खाली आणाव्या लागतात,
नाहीतर आपसात भांडतात.
उतरवता उतरवता हात थरथरला,
खोटं बोलताना थरथरतो तसा.
मग तिनं तो दाबला
आणि मला तिचा बाप दिसला,
ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

तिच्याकडे लेनिनग्राडहून आलेली एक तबकडी होती,
कुणाच्या तरी एक्स-रेवर कोरलेली.
दिव्यासमोर धरली की बरगड्या दिसायच्या,
मधोमध सिगारेटीनं जाळून पाडलेलं भोक.
त्या बरगड्यांवरून न्यू ऑर्लिन्सचा कुणी
ट्रम्पेट वाजवत गोल गोल फिरायचा.
त्याचं नाव माहीत नव्हतं.
छातीवाला जगला का, तेही नाही.
रोज ऐकायची ती. पण तसं वाजवायची नाही.
म्हणायची, त्याला त्याची गल्ली आठवतेय.
मी कशाला त्याची गल्ली आठवू?

संस्कृती खात्याचा माणूस आला,
एका बोटानं मी दाबला, तोंड वाकडं केलं.
दमट हवा, कॉम्रेड, मी म्हणालो.
त्यानं वहीत लिहिलं: दुरुस्ती चालू.
नऊ वर्षं चालू होती.

गेताहुन आला त्या हिवाळ्यात,
अदिसचा पोरगा, तेलाचं शिकायला आलेला,
सॅक्सोफोन गोधडीत गुंडाळून, तान्हं पोर आणावं तसा.
त्याचं सप्तक पाच पायऱ्यांचं.
झपझप चढायचा, झपझप उतरायचा,
आणि त्या गुरुवारी
शोव्केतच्या मीवर त्याचा पाय घसरला.

थांबला.
रीड ओली केली. पुन्हा तिथंच आला,
परक्या घराचा जिना अंधारात चाचपावा
तसा.
ती नुसती डाव्या हातानं वाट बघत राहिली.
ढोलकाच्या पोरानं काठ्या मांडीवर ठेवल्या.
मग सॅक्सोफोन हळूच वाकला
आणि बसला त्या पायरीवर,
जी त्याच्या घरात नव्हती,
बरगड्यांवाल्याच्या घरातही नव्हती,
आणि तिच्या बापालाही, खरं सांगायचं तर,
इतक्या जोरात चालताना ओळखू आली नसती.

त्याला नाव नाही पडलं.
आम्ही म्हणायचो, गुरुवारचं.
गुरुवारचं वाजवू या का?

गेताहुन परत गेला. पत्र एकच आलं.
तेल राहिलं बाजूला, हॉटेलात वाजवतो.
रात्री संचारबंदी, म्हणून गिऱ्हाइकांसकट दारं लावून घेतात
आणि उजाडेपर्यंत वाजवतात, दुसरं करणार काय.
तिथला पियानोवाला कुरकुरतो,
तुझा एक स्वर कायम खाली.
उस्ता, त्याला काय सांगू?

उत्तर लिहिलं होतं. तिकिटं कमी पडली,
मग राहूनच गेलं.

काल संगीतशाळेत नवा पियानो लावला.
हल्ली यंत्र असतं, हिरवा दिवा लागतो.
अठ्ठ्याऐंशी हिरवे दिवे.
मास्तरीणबाईंनी चहा दिला, पैसे मोजले.
किल्ली पिशवीत टाकली,
बूट घातले,
पिशवी उघडली.