पडद्यामागची बाजू

दुखानहून पत्र टाकलं की आई कुणाकडून तरी लिहून घ्यायची:
कुठं दुखतंय रे?
कुठं नाही गं, जागेचं नाव आहे ते.
अरबीत त्याचा अर्थ धूर.

दर गुरुवारी रात्री कंपनीचा सिनेमा.
दोन खांबांना ताणून बांधलेलं कापड,
साहेबलोक पुढे, वेताच्या खुर्च्यांवर,
आम्ही मागे वाळूत, रंगाच्या उपड्या डब्यांवर.
कापड पातळ. चित्र आरपार यायचं,
फक्त उलटं.
म्हणून आमचे सगळे काउबॉय डावखुरे,
शेरीफचा बिल्ला उजव्या छातीवर,
आणि गुत्त्याच्या पाटीवरची अक्षरं
उजवीकडून डावीकडे.
सालेह येमेनी म्हणाला,
चला, इंग्रजीला अखेर वळण लागलं.

सिनेमे स्वस्तातले, तासाभरात आटपणारे.
वर भेग गेलेला एकच खडक
एका पाठलागात तीनदा यायचा.
पालशेतकर मोठ्यानं मोजायचा. एक. दोन.
खडकालाही ओव्हरटाइम आहे, म्हणायचा.
आणि रात्र म्हणून जी दाखवायचे
ती भर दुपार, काळी काच लावलेली;
घोड्यांच्या सावल्या घोड्यांच्या पोटाखाली.
हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.
त्याच उन्हात आम्ही पाइप जोडत होतो.

हीरो आता एकही आठवत नाही.
आमचा माणूस वेगळा:
ठिगळाच्या जाकिटातला, छपरावरून पडणारा.
पहिल्या रिळात डाकू म्हणून मरायचा,
तिसऱ्यात टपालगाडीवरून,
पुढच्या गुरुवारी दुसऱ्याच सिनेमात, त्याच जाकिटात.
तो पडला की आम्ही टाळ्या पिटायचो,
पुढून साहेब शुक् शुक् करायचे.
एका पडण्याचे किती मिळत असतील
यावर सिगरेटींच्या पैजा.

इब्राहिम चौगुले टाकीच्या परांचीवरून पडला
तो मंगळवार.
गुरुवारी सिनेमा होता. गेलो. नाहीतर कुठं जाणार?
जाकीटवाला छपरावरून खाली आला,
कुणी टाळी वाजवली नाही.
तिसऱ्या रिळात तो धडधाकट, घोड्यावर,
तेव्हा पालशेतकर उठला
आणि त्यानं दगड मारला.
कापडाला भोक पडलं, लिंबाएवढं.
ते कुणी शिवलं नाही.
पुढे प्रत्येक खोट्या रात्री
त्यातून मशीनचा उजेड थेट आमच्या डोळ्यांत यायचा.

परवा दोह्यात, लेकीच्या घरी,
टीव्हीवर तसलाच एक लागला.
हीरोनं उजव्या हातानं पिस्तूल काढलं.
मी म्हटलं, अगं, हे उलटं दाखवतायत.
ती हसली, रिमोट शोधायला लागली.
शेवटी घोडा डावीकडे गेला,
तिथं फ्रीज आहे.

दुखानला साहेबांना तो डावीकडे जाताना दिसायचा,
आम्हाला उजवीकडे,
पण जायचा दोघांच्याही देखत एकाच दिशेला.
पूर्वेला. आधी दोहा, मग समुद्र,
समुद्रापलीकडे कुठंतरी गुहागर.
मावळतीकडे चाललाय म्हणे, असं सिनेमावाले समजायचे.
त्यांना काय माहीत
कापड कुठं बांधलंय.